तब्येत ज्याची त्याची, पण कधीपासून?

डॅलसच्या पोटातून निघालेला प्रेस्टन रोड सरळ उत्तरेला प्लेनो ओलांडून फ्रिस्कोकडे जातो. अमेरिकेने आरोग्याच्या नावाने जे काही कमावलं आणि जो काही घोळ घातला, त्याचं प्रदर्शन या एका रस्त्याच्या आसपास मांडून ठेवल्यासारखं आहे. प्लेनोच्या हद्दीत, या रस्त्याच्या पश्चिमेला लेगसी नावाचा कचेऱ्यांचा परिसर लागतो. लेज आणि डोरिटोजची पाकिटं घरोघरी पोचवणाऱ्या फ्रिटो-लेचं मुख्यालय इथलं. पिझ्झा हटचं कार्यालयही प्लेनोतच. केंटकीचं नाव मिरवणाऱ्या केएफसीने आपलं अमेरिकी कार्यालय केंटकीतून उचलून प्लेनोत आणण्याची घोषणा २०२५ च्या फेब्रुवारीत केली. मुळात लेगसी वसवली रॉस पेरोच्या ईडीएस कंपनीने. १९६५ साली मेडिकेअर हा ज्येष्ठांच्या उपचारखर्चाचा कायदा झाला आणि त्याच्या बिलांचे ढीग संगणकावर उपसून देण्याच्या कामातून ही कंपनी गब्बर झाली. याच शहरात २००७ पासून केवळ हृदयरोगासाठी बांधलेलं बेलरचं हार्ट हॉस्पिटल आहे. तळलेलं खाणं, त्यातून येणारं दुखणं, दुखण्याचं बिल आणि बिलाचा हिशेब, सगळं गाडीने पंधरा मिनिटांच्या अंतरात. आणि प्रेस्टन रोडनेच दक्षिणेला गेलं की डॅलसच्या हद्दीत कूपर एरोबिक्स सेंटरचं हिरवंगार आवार लागतं. आपली तब्येत आपणच राखायची असते, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या मोजक्या जागांवरून जगभर गेला, त्यांतली ही एक.

प्लेनोत शिकलेली, कमावती, विमा असलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. २०२० च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती दोन लाख पंच्याऐंशी हजार. त्यात पाचातला एक तरी माणूस आशियाई वंशाचा. कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न लाख डॉलरच्या वर. ओक पॉइंटसारखं आठशे एकरांचं निसर्गउद्यान शहरातच आहे. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आहे, फ्रिजमध्ये बदामाचं दूध आहे. ‘तब्येत ज्याची त्याने सांभाळावी’ हे तत्त्व पुरेसं असेल, तर ते इथे तरी खरं ठरायला हवं, कारण ते पाळायला लागणारं सगळं या घरांत आहे. पण हृदयविकार आणि मधुमेहाबद्दल दक्षिण आशियाई माणसांविषयी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे हाती आलं आहे, ते पाहता या तत्त्वाचं उत्तर तितकं सरळ येत नाही. मला वाटतं, जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर आपण नको इतकी वर्षं भांडत बसलो. ती कधी सुरू होते आणि ती पार पाडायला माणसाच्या हातात काय असतं, हा प्रश्न अधिक नेमका आहे आणि अधिक अडचणीचाही.

आधी वैयक्तिक जबाबदारीची बाजू घेऊ, कारण ती भक्कम आहे. केनेथ कूपर हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. १९६८ साली त्यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं आणि तो शब्द जगाच्या तोंडी बसला. १९७० मध्ये ते डॅलसला आले आणि त्यांनी दवाखाना व संशोधनसंस्था काढली. धडधाकट माणसाला ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवून त्याची क्षमता मोजायची, हा प्रकार तेव्हा अनेक डॉक्टरांना जिवाशी खेळ वाटत होता. चाचणी दिसायला साधी. पट्टा ताशी ३.३ मैलांनी फिरत राहतो, म्हणजे जरा झपझप चालण्याइतका. पहिलं मिनिट सपाट, दुसऱ्या मिनिटाला दोन टक्के चढ, मग दर मिनिटाला एक टक्का वाढ. छातीवर तारा चिकटवलेल्या, समोर कागदावर हृदयाची रेघ उमटत असते. कोणी सातव्या मिनिटाला कठडा धरतं, कोणी विसाव्या. मिनिटांचा तो आकडा म्हणजे तुमची इयत्ता. १९८९ मध्ये स्टीव्हन ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी अशा १३,३४४ स्त्री-पुरुषांचा सरासरी आठ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. सर्वांत कमी क्षमतेच्या पुरुषांत दर दहा हजार व्यक्ती-वर्षांमागे ६४ मृत्यू, सर्वांत जास्त क्षमतेच्या गटात १८.६, स्त्रियांत ३९.५ आणि ८.५. मोठी घसरण होती ती तळाच्या गटातून त्याच्या वरच्या गटात येताना. म्हणजे मॅरेथॉन पळायची गरज नव्हती, खुर्चीतून उठणं पुरेसं होतं. रोज चालणाऱ्याला हा आकडा आजही बळ देतो, आणि द्यावाच.

मराठी माणसाला या विचाराची ओळख कूपरच्या कितीतरी आधीची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार हे व्रत म्हणून घेतलं, संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे केले, आणि त्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं. शरीर आपलं, उठायचं आपण, औषध आपल्याच अंगात आहे, असा तो ठाम सूर होता. पण त्याच काळात, १९३३ साली, आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आलं आणि प्रत्येक दुखण्यावर नमस्काराचा उतारा सांगणाऱ्या वेडावर महाराष्ट्र पोट धरून हसला. व्यायामाला कोणी हसत नव्हतं. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावू पाहणाऱ्याला ते हसू होतं. आजच्या वेलनेसच्या बाजाराकडे पाहताना अत्र्यांची आठवण वारंवार होते, हे आपलं जाता जाता.

या एका किल्लीवरच्या श्रद्धेला धक्का बसला तो जिम फिक्सच्या मृत्यूने. पस्तिशीत दिवसाला दोन पाकिटं सिगरेट ओढणारा हा लठ्ठ माणूस पळायला लागला, सडपातळ झाला, आणि १९७७ मध्ये धावण्यावर त्याने लिहिलेल्या पुस्तकाने अमेरिकेला रस्त्यावर आणलं. डिसेंबर १९८३ मध्ये तो कूपरच्या केंद्रात आला होता. तिथे त्याला ट्रेडमिलवरची चाचणी करून घ्यायला सांगितलं गेलं, ती त्याने नाकारली. पुढच्या जुलैमध्ये व्हर्मॉंटमध्ये पळताना तो कोसळला. वय बावन्न. शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्या जागोजागी तुंबलेल्या निघाल्या. त्याचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. पळण्याचा काही उपयोग नाही, असा निष्कर्ष त्या वेळी पुष्कळांनी काढला. तो चुकीचा आहे. पळण्यामुळे त्याला वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त मिळाली असंही म्हणता येईल, अर्थात ते सिद्ध करता येत नाही. जे दिसतं ते एवढंच, की त्याने जबाबदारीचा एक भाग मनापासून उचलला आणि दुसऱ्या भागाकडे पाठ फिरवली. घाम गाळला, मोजणी टाळली.

मोजणीत काय सापडू शकतं, याचं उत्तर त्याच डॅलसमध्ये, हॅरी हाइन्स रस्त्यावरच्या यूटी साउथवेस्टर्न या वैद्यकीय केंद्रात तयार होत होतं. कोलेस्टेरॉल रक्तातून पेशीत कसं ओढलं जातं हे उलगडणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं, ते याच संस्थेतल्या कामासाठी. २००० मध्ये ‘डॅलस हार्ट स्टडी’ सुरू झाली. शहरातल्या हजारो सामान्य नागरिकांचं रक्त, हृदय, चरबी, सगळं तपासलं गेलं. हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी त्यातली उलटी टोकं निवडली, म्हणजे ज्यांचं एलडीएल (घातक कोलेस्टेरॉल) जन्मापासूनच कमी आहे अशी माणसं. त्यांच्यात पीसीएसके९ नावाच्या जनुकात बिघाड सापडला, आणि हा बिघाड फायद्याचा होता. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं, की असा बिघाड असलेल्या कृष्णवर्णीयांत एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी असतं आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका मात्र ८८ टक्क्यांनी कमी. पन्नाशी-साठीत गोळ्या सुरू करून एलडीएल साधारण तेवढंच खाली आणलं, तर पाच वर्षांत धोका चौथ्या-तिसऱ्या हिश्शाने घटतो. घट तीच, फळ मात्र कितीतरी पट. फरक एकाच गोष्टीचा, वेळेचा. धमनीच्या भिंतीवर जे बसतं ते विशीपासून हळूहळू बसत जातं, आणि चाळिशीत धावायला लागणारा माणूस वीस वर्षांची थकबाकी डोक्यावर घेऊनच धावत असतो. कूपर आणि हॉब्स यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्यात अर्थ नाही. दोघांचंही बरोबर आहे. पण दोघांना एकत्र वाचलं, की ‘मनावर घेतलं तर सगळं होतं’ हे वाक्य तोंडातून सहज निघेनासं होतं.

आता आपल्या अंगाकडे वळू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. खाली चरबीचं प्रमाण दिलेलं: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वैद्यकीय नियतकालिकांत इतकी विनोदी आणि इतकी अस्वस्थ करणारी आकृती क्वचितच आली असेल. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. सरासरी २.७ किलोचं आपलं बाळ इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळापेक्षा हाडा-मांसाने खूप बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखून असलेलं निघालं. याचा अर्थ सुरुवात पाळण्याच्याही आधी झालेली असते. याच्या जोडीला बावन्न देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली एक नोंद ठेवावी. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यम वय दक्षिण आशियात ५३, बाकीच्या जगात जवळपास ५९. आणि त्याच अभ्यासाने हेही सांगितलं, की धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, चरबीचं बिघडलेलं गणित, पोटाचा घेर अशी नऊ ओळखीची कारणं जगभरातल्या नव्वद टक्के झटक्यांचा हिशेब देतात. म्हणजे आपल्याकडे काही गूढ रोग नाही. ओळखीचाच पाहुणा सहा वर्षं आधी येतो.

अमेरिकेतल्या वैद्यकीय संस्थांना हे कळलेलं नाही असं नाही. आशियाई व्यक्तीची मधुमेहाची तपासणी बीएमआय २५ ऐवजी २३ पासूनच करावी, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये सांगितलं. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. पण तज्ज्ञांच्या कागदावरचं ज्ञान आणि माणसाच्या हातात पडणारी सोय यांत किती अंतर असतं, हे पाहायचं तर टेक्ससच्याच एका कायद्याकडे जवळून पाहावं. २००९ मध्ये टेक्ससने, अमेरिकेतलं पहिलं राज्य म्हणून, हृदयविकाराच्या प्रतिबंधक तपासणीचा खर्च विमा कंपन्यांनी द्यावा असा कायदा केला. हृदयधमन्यांतल्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन किंवा मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी, दर पाच वर्षांनी २०० डॉलरपर्यंत. तपासणी किरकोळ: काही मिनिटं हात डोक्यामागे घेऊन उताणं पडायचं, इंजेक्शन नाही, रंगद्रव्य नाही, आणि हाती एक आकडा येतो, शून्यापासून हजाराच्याही पुढे जाऊ शकणारा. कायद्याची कल्पना चांगली आणि काळाच्या पुढची होती. आता अटी वाचा. पुरुष ४५ हून मोठा हवा, स्त्री ५५ हून. मधुमेह हवा, किंवा फ्रेमिंगहॅमच्या कोष्टकानुसार धोका निदान मध्यम हवा. फ्रेमिंगहॅम म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं एक गाव, जिथे १९४८ पासून बहुतांशी गोऱ्या रहिवाशांचा अभ्यास झाला. त्या गावाच्या मापाने प्लेनोतल्या एकेचाळीस वर्षांच्या, बीएमआय २३.५ असलेल्या, वडिलांची बायपास झालेल्या मराठी अभियंत्याला तपासलं तर तो ‘कमी धोका’ या रकान्यात बसतो. शिवाय मोठ्या कंपन्या विमा विकत घेण्याऐवजी कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून देतात. अशा योजना १९७४ च्या एरिसा कायद्याखाली येतात आणि त्यांना राज्याचा कायदा लागू होत नाही. म्हणजे लेगसीतल्या बड्या कचेरीत काम करणाऱ्याला, वय जुळलं तरीही, या कायद्याचा हक्क बहुधा सांगता येणार नाही.

याच टेक्ससमधून उलट्या दिशेचा खटलाही गेला. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने तज्ज्ञ समितीने शिफारस केलेल्या प्रतिबंधक तपासण्या आणि औषधं रुग्णाच्या खिशाला हात न लावता देणं विमा कंपन्यांवर बंधनकारक केलं होतं. ते बेकायदा आहे असा निकाल फोर्ट वर्थच्या संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये एका खटल्यात दिला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये ती सोय टिकवली, पण समितीवर आरोग्यमंत्र्यांचा अधिकार चालतो, हेही त्याच निकालात सांगितलं. म्हणजे उद्या यादीत काय राहील हे काही प्रमाणात मंत्र्याच्या मर्जीवर. एवढ्या सगळ्यानंतर ‘तुमची तब्येत ही तुमची जबाबदारी’ असं म्हणणारा सद्गृहस्थ भेटला, तर त्याला विचारावंसं वाटतं, बाबा रे, मापं कुणी ठरवली?

तरीही घराच्या आत बरंच काही असतं, आणि ते सरकारवर ढकलता येत नाही. प्लेनोचा नकाशा मोटारीसाठी आखलेला आहे. शाळा, दुकान, देऊळ, क्लास, सगळीकडे गाडीनेच जायचं. उन्हाळा असा, की २०११ साली डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर तब्बल ७१ दिवस पारा १०० फॅरनहाइटला पोचला होता. अशा दिवसांत चालायचं तर पहाटे, आणि पहाटे भारतातल्या टीमशी बैठक. पण गाडीबाहेरच्या उन्हाला दोष दिला तरी आठवड्याच्या शेवटी तीन घरी पॉटलक, प्रत्येक ठिकाणी दोन गोडाचे पदार्थ, आणि चतुर्थीला साबुदाण्याच्या खिचडीवर दाण्याचं कूट नि तूप, हे आपलंच. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काही अमेरिकेत तयार झालेली नाही. शाकाहारी आहोत म्हणजे हृदय सुरक्षित, हा समज तर आपण इतका जपतो, की पोळी, भात, बटाटा आणि फरसाण यांची बेरीज कोणी करतच नाही. डाळीची वाटी लहान आणि भाताचा डोंगर मोठा, हे ताट बदलायला कुठल्याही कायद्याची गरज नाही.

फक्त इथे ‘वैयक्तिक’ हा शब्द जरा उकलून पाहायला हवा. मराठी घरात नवऱ्याच्या साखरेची जबाबदारी बहुधा बायकोवर येते. ज्वारीची भाकरी तिने करायची, मीठ तिने कमी करायचं, गोळीची आठवण तिने द्यायची, आणि बिघडलं तर ‘घरात लक्ष नाही’ हेही तिनेच ऐकायचं. ती स्वतःही पूर्णवेळ नोकरी करत असते, आणि तिची स्वतःची तपासणी नेहमी पुढच्या महिन्यात असते. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासू-सासऱ्यांच्या बॅगेत रक्तदाबाच्या टेल्मा आणि मधुमेहाच्या ग्लायकोमेटच्या पट्ट्या मोजून भरलेल्या असतात, कारण व्हिजिटर विम्यात जुनं दुखणं सहसा बसत नाही. त्या पट्ट्या पुरवून वापरायचा हिशेबही तिच्याकडे. वैयक्तिक जबाबदारीचं प्रवचन कोणालाही द्या, घरात ते उतरतं एकाच माणसाच्या खांद्यावर. सुधारणा सुचवायचीच तर पहिली ही: ज्याचा रिपोर्ट, त्याने आठवड्यातून चार दिवस स्वयंपाक करावा. भाजीत तेल किती पडतं हे कढईसमोर उभं राहिल्यावरच कळतं.

या मांडणीवर पहिला आक्षेप येईल तो नशिबाचा. जनुकं, जन्माचं वजन, कायद्याची मापं असं सगळं सांगितलं की माणूस हात टेकतो: आमच्या घराण्यातच आहे, काय करणार. हा धोका खरा आहे. पण पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की ज्यांच्या जनुकांत धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही चांगली जीवनशैली असलेल्यांना हृदयविकार ४६ टक्क्यांनी कमी झाला. मधुमेहाचंही तसंच. अमेरिकेत २००२ मध्ये ३,२३४ जणांवरच्या प्रयोगात सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं हालचाल एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी भारतीयांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा जीवनशैलीचा लाभ २८.५ टक्के आला. अर्धाच, पण लाभ खराच. माझ्या मते या दोन आकड्यांतलं अंतर हाच आपला अभ्यासक्रम आहे: आपल्याला तेवढ्याच फळासाठी आधी सुरू करावं लागेल, जास्त करावं लागेल, आणि काहींना गोळीची जोड घ्यावी लागेल. गोळी घेतली म्हणजे आपण हरलो, हा आपल्याकडचा अहंकार तर सोडायलाच हवा. वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दलही हीच कुजबुज ऐकू येते, की हा आळशांचा मार्ग. २०२३ च्या १७,६०४ रुग्णांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने, आधीच हृदयविकार असलेल्या जाड माणसांत, झटका, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले. याला आळस म्हणायचं असेल तर चष्म्यालाही म्हणावं.

दुसरा आक्षेप बरोबर उलटा. लवकर मोजा, लवकर मोजा म्हणत तुम्ही लोकांना दवाखान्याच्या दारात उभं करता. हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास व्हायला लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं, मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. हजारोंच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. डॅलसच्या परिसरातही अख्ख्या अंगाचा एमआरआय काढून देणाऱ्यांच्या जाहिराती झळकतात. लक्षणं नसलेल्यांनी तो काढावा असं अमेरिकेच्या रेडिओलॉजिस्टांची संघटना म्हणत नाही. म्हणून फरक करायला हवा. रक्तदाब, पोटाचा घेर, एचबीएवनसी, चरबीची तपासणी, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए, जे जवळपास पूर्णपणे आनुवंशिक असतं आणि नेहमीच्या रिपोर्टात येत नाही. तिशीत एवढं पुरे. या मोजण्यांचं पुढे काय करायचं ते ठाऊक आहे, हा त्यांचा गुण. कॅल्शियमचा स्कॅन गोळी सुरू करावी की नको अशा कुंपणावरच्या माणसासाठी. आणि पस्तिशीत शून्य आलं म्हणून पेढे वाटू नयेत, कारण कोवळ्या थरांत कॅल्शियम साचलेलं नसतं. ज्या आकड्यावर करण्यासारखं काही नाही, तो आकडा विकत घेणं म्हणजे भविष्य पाहायला जाणं.

तिसरा आक्षेप पैशाचा. जो काळजी घेत नाही त्याच्या चुकीचा भुर्दंड काळजी घेणाऱ्याने का सोसावा? अमेरिकी कायद्याने मालकांना मुभाच दिली आहे, की वेलनेस कार्यक्रमात ठरलेली मापं गाठणाऱ्याला विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, म्हणजेच न गाठणाऱ्याने तेवढं जास्त भरावं. ऐकायला न्याय्य. पण हे कार्यक्रम खरोखर काय करतात हे चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासलं गेलं आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांत आणि बीजेज या घाऊक दुकानांच्या साखळीतल्या सुमारे तेहेतीस हजारांत, वर्ष-दीड वर्षानंतर वजन, रक्तदाब, उपचारखर्च यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. इलिनॉयमध्ये एक गंमत मात्र दिसली: कार्यक्रमात आपणहून आले ते आधीपासूनच धडधाकट आणि कमी खर्चाचे लोक होते. म्हणजे बक्षीस ज्याला गरज नाही त्याला, आणि दंड गोदामात रात्रपाळी करणाऱ्याला. तीनशे पासष्ट दिवस घड्याळाने दहा हजार पावलं मोजली याचा अर्थ चारित्र्य चांगलं असाही होईल, किंवा नोकरीची वेळ चांगली असाही. आणि विम्याविषयी बोलताना हेही विसरू नये, की टेक्ससमध्ये विमाच नसलेल्यांचं प्रमाण सगळ्या राज्यांत जास्त आहे, सुमारे सहात एक. प्लेनोतलं हिरवळीचं काम, हॉटेलातली भांडी, घरांची साफसफाई करणारे बरेच लोक त्यात असणार. एच-वन-बी व्हिसावरचा अभियंताही नोकरी गेली की साठ दिवसांत त्यांच्या रांगेच्या बराच जवळ येतो.

मग करायचं काय? त्याचा एक धागा डॅलसमध्येच सापडतो, आणि तो न्हाव्याच्या दुकानातून येतो. डॅलस हार्ट स्टडीशी जोडलेले डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांनी डॅलस काउंटीतल्या कृष्णवर्णीयांच्या सतरा न्हावी-दुकानांत प्रयोग केला आणि त्यांतल्या काही दुकानांतल्या न्हाव्यांना रक्तदाब मोजायला शिकवलं. केस कापायच्या वेळी मोजायचं, जास्त निघाला तर डॉक्टरकडे जा म्हणून सांगायचं. २०११ मध्ये निकाल आला: फायदा झाला, पण माफक. व्हिक्टर लॉस एंजेलिसला गेले आणि तिथे ५२ दुकानांत प्रयोगात एक बदल केला. न्हाव्याने ‘डॉक्टरकडे जा’ म्हणण्याऐवजी औषधतज्ज्ञच दुकानात आला, त्याच खुर्चीशेजारी बसला आणि डॉक्टरच्या संमतीने तिथेच औषध सुरू केलं. २०१८ मध्ये छापून आलेला निकाल असा: सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, केवळ सल्ला मिळालेल्या गटात ९.३ नी. माणसं तशीच, खुर्ची तीच, इच्छाशक्तीही तेवढीच. उपचार तीन फूट जवळ आला, एवढंच.

आपली खुर्ची कुठे आहे? डॅलस-फोर्ट वर्थ महाराष्ट्र मंडळ आहे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांची शिखर संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१९ चं अधिवेशन डॅलसला झालं होतं. ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रमही बृहन्महाराष्ट्र मंडळच चालवतं, तिथे तब्येतीवरची व्याख्यानं रंगतात. पण उत्तररंगला येईपर्यंत धमनीचं बरंच काम उरकलेलं असतं. ज्या वयाला गाठायचं आहे ते सगळं एकत्र जमतं मराठी शाळेत, आणि ते मुलांच्या बाकांवर नसतं. पस्तीस ते पंचेचाळीसचे आईबाप मुलाला वर्गात सोडतात आणि दीड तास बाहेर काढतात. काही गाडीचा एसी सुरू ठेवून फोनवर, काही बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये घडीच्या खुर्च्यांवर, कोणीतरी आणलेले समोसे मध्ये. या गावात मराठी बोलणारे डॉक्टर आणि फार्मसिस्ट शोधायला लांब जावं लागणार नाही. एका टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, एक टेप, कुटुंबातल्या झटक्यांची वयं विचारणारा अर्ध्या पानाचा कागद, आणि पुढची तारीख तिथेच ठरवून देणारं माणूस, एवढ्यावर सुरुवात होते. लाज वाटेल, बायका आधी नवऱ्याला पुढे करतील, नवरे हसण्यावारी नेतील, कोणी म्हणेल मी जिमला जातो, मला कशाला. टेबलावर बसलेल्याने त्यालाच आधी बाही वर करायला सांगावी. शाळा सुटायला अजून पन्नास मिनिटं असतात.